बॉडी आधी घ्यावी की लेन्स?



लग्नसराई जवळ आली की आमच्या घरी मंगल परिणयाच्या पत्रिकांचा ढीग पडतो. यंदा पत्रिकांच्या आधी एक प्रश्न आला. आरमोरी तालुक्यात दिलेली माझी धाकटी बहीण दोन महिन्यांपूर्वी मुलाला घेऊन चंद्रपूरला आली. हातपाय धुऊन बसली आणि पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेले पुडके काढून माझ्यापुढे ठेवले. सत्तर हजार रुपये! काही धानाचे, काही बचत गटाच्या कर्जाचे, काही पोराने दोन हंगाम वडशाच्या एका फोटोग्राफरकडे लाईट धरून मिळवलेले.

"दादा, याले कॅमेरा घ्यायचा आहे. तू बाबू माणूस, हिशेबातला. याले समजावून सांग."

भाचा म्हणाला, "मामाजी, समजवाचं काही नाही. सेकंडहँड फुल फ्रेम बॉडी पाहून ठेवली आहे. सगळे पैसे त्यातच जातात, पण लेन्स मंग पाहून घेऊ. वडशाचे सगळे पोरं तेच म्हणून राहिले, बॉडी मोठी तर काम मोठं."

मी बी.कॉम. झालेला कारकून. डेडस्टॉक रजिस्टर लिहिण्यात आणि दरपत्रकांचे तुलनात्मक तक्ते करण्यात माझी निम्मी नोकरी गेली. कॅमेऱ्यातले मला काय कळणार? पण बहिणीने आणलेल्या पैशांत बचत गटाच्या दहा बायकांचा विश्वास गुंतलेला होता. म्हणून म्हटले, आठ दिवस थांब. कार्यालयात टेबल घ्यायचे तरी तीन दरपत्रके मागवतो, इथे तर पोराचे पोट आहे. त्या आठ दिवसांत आणि त्यानंतर जे शिकलो ते या सदरात मांडतो आहे, कारण आपल्या वस्त्यांतली कितीतरी मुले आज याच उंबरठ्यावर उभी आहेत.

एक हललेला फोटो

आधी माझ्याच घरची एक गोष्ट सांगतो. माझे लग्न २००७ च्या मे महिन्यात चामोर्शी तालुक्यातल्या एका गावी झाले. त्या वर्षी विदर्भात भारनियमन किती कडक होते हे ज्यांनी भोगले त्यांना आठवत असेल. संध्याकाळी वीज गेली, जनरेटरवर दोन ट्यूबलाईट आणि एक पिवळा बल्ब कसाबसा चालू होता. त्रिशरण-पंचशील झाले, पुष्पहार झाले, फुलांचा वर्षाव झाला आणि बाबांनी पुढे येऊन आम्हा दोघांच्या डोक्यावर हात ठेवला. बाबा फोटोच्या भानगडीत कधी पडत नसत. त्या दिवसाचा त्यांचा तेवढा एकच फोटो आहे, आणि तोही हललेला. चेहऱ्याच्या जागी एक पांढुरका पट्टा दिसतो. २०११ साली बाबा गेले. आई तो फोटो अजून उशाशी ठेवते. म्हणते, "हललेत, पण आहेत तेच."

फोटोग्राफर बिचारा प्रामाणिक होता. मला मात्र इतकी वर्षे वाटत राहिले की त्याचा कॅमेराच हलका असावा. भाच्याला घेऊन मी चंद्रपुरातल्या एका जुन्या स्टुडिओवाल्या काकांकडे गेलो, ज्यांनी छत्तीस फोटोंच्या रोलच्या काळात शेकडो लग्ने काढली. तेव्हा तो फोटोही सोबत नेला. काकांनी चष्मा वर करून पाहिला आणि म्हणाले, "भाऊ, कॅमेऱ्याचा यात दोष नाही. उजेड कमी, लेन्सचं तोंड लहान आणि फ्लॅश आधीच्या फोटोनंतर भरला नव्हता. मग पडदा जास्त वेळ उघडा राहिला, तेवढ्यात तुमच्या बाबांनी मान हलवली. एवढंच झालं."

या "एवढंच" मध्ये आजचा सगळा विषय आहे.

उजेडाचा हिशेब

कॅमेऱ्याचे दोन भाग. बॉडीत सेन्सर असतो, म्हणजे पूर्वी जिथे रोल असे ती जागा. शिवाय शटर, बॅटरी आणि कार्ड. लेन्स म्हणजे डोळा. डोळ्याची बाहुली किती मोठी उघडते यावर आत किती उजेड येणार ते ठरते. हे उघडणे एफ या आकड्यात सांगतात आणि हा आकडा जितका लहान, तितके तोंड मोठे. नवशिके इथेच गोंधळतात.

बॉडीसोबत बहुधा जी १८-५५ लेन्स मिळते तिला किट लेन्स म्हणतात. तिचे तोंड १८ वर एफ ३.५ आणि ५५ वर एफ ५.६ असते. म्हणजे नवरीचा चेहरा जवळ ओढायला झूम केले की तोंड आणखी लहान होते. याउलट १७-५० एफ २.८ नावाच्या लेन्स सिग्मा, टॅमरॉन या कंपन्यांनी काढल्या आहेत. त्यांचे तोंड शेवटपर्यंत २.८ च राहते. आणि ५० मि.मी. एफ १.८ ही लहानशी, झूम नसलेली लेन्स कॅनन, निकॉन, सोनी सगळ्यांकडे मिळते व ती त्यांच्या सगळ्यांत स्वस्त लेन्सपैकी एक आहे.

आता गणित करू. उजेड हा एफ आकड्यांच्या भागाकाराच्या वर्गाने वाढतो. ५.६ ला २.८ ने भागले की २, त्याचा वर्ग ४. म्हणजे एफ २.८ ची लेन्स एफ ५.६ पेक्षा चौपट उजेड आत घेते. ५.६ ला १.८ ने भागले की ३.१, त्याचा वर्ग जवळजवळ १०. म्हणजे दहापट! ज्या मांडवात किट लेन्सने पडदा एक पंधरांश सेकंद उघडा ठेवावा लागतो, तिथे एफ २.८ ला एक साठांश पुरतो आणि एफ १.८ ला साधारण एक दीडशांश. एक पंधरांश सेकंदात माणूस मान हलवतो आणि फोटो हलतो. एक दीडशांशात सहसा हलत नाही. माझ्या बाबांचा फोटो याच फरकात गेला.

मग मोठ्या बॉडीने काय मिळते? फुल फ्रेमचा सेन्सर ३६ बाय २४ मि.मी. असतो, म्हणजे ८६४ चौ.मि.मी. साध्या बॉडीतला एपीएस-सी सेन्सर निकॉनमध्ये सुमारे २३.५ बाय १५.६, म्हणजे ३६७ चौ.मि.मी.; कॅननचा थोडा लहान. म्हणजे क्षेत्रफळ अडीचपटीच्या आसपास. त्याच एफ आकड्यावर मोठा सेन्सर तेवढा जास्त उजेड गोळा करतो आणि अंधारातल्या फोटोत दाणे कमी दिसतात. फायदा खराच आहे, नाही म्हणता येणार नाही. पण हिशेब पाहा. बॉडी बदलून अडीचपट, लेन्स बदलून चौपट ते दहापट. आणि बॉडीच्या फरकाला मोजावे लागणारे पैसे लेन्सच्या फरकापेक्षा कितीतरी जास्त!

हे गणित मी कागदावर मांडून भाच्याला दाखवले. तो बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे मी सत्तर हजाराची बॉडी घेऊन तिला किट लेन्स लावली असती तर?" काका हसले. "तर तू दहा हजाराच्या फोटोसाठी सत्तर हजार दिले असते, बाळा."

घसारा कुणाला किती

आम्हा वाणिज्य शाखेच्या लोकांना घसारा हा शब्द जिव्हाळ्याचा. डिजिटल बॉडीला घसारा फार लवकर बसतो. दर दोन-तीन वर्षांनी नवे मॉडेल येते आणि जुन्याची किंमत पडते. शिवाय शटर झिजते. निकॉन डी३५०० चे शटर १ लाख उघडझापीसाठी तपासलेले, तर डी७२०० चे दीड लाखासाठी. एका लग्नात दीड-दोन हजार फोटो निघतात. हिशेब तुम्हीच करा. चांगली लेन्स मात्र जपली तर दहा-पंधरा वर्षे चालते आणि विकताना बरी किंमत देते. डेडस्टॉक रजिस्टरच्या भाषेत सांगायचे तर बॉडीचे निर्लेखन तुमच्या डोळ्यांदेखत होणार, लेन्स मात्र नोंदवहीत टिकून राहणार.

पण लेन्स टिकते ती तिचे माऊंट टिकले तर. माऊंट म्हणजे लेन्स आणि बॉडी जोडणारे कडे. निकॉनचे एफ माऊंट १९५९ पासून चालत आले. कॅननने १९८७ साली ईएफ माऊंट आणले आणि तिच्या जुन्या एफडी लेन्स नव्या बॉडीला बसेनाशा झाल्या. २०१८ साली पुन्हा तसेच वळण आले. कॅननने आरएफ आणि निकॉनने झेड माऊंट काढले, हे मिररलेस कॅमेऱ्यांसाठी. सुदैवाने जुन्या लेन्स ॲडॅप्टर लावून नव्या बॉडीवर वापरता येतात. तेव्हा पहिली खरेदी करताना आपण नुसती एक वस्तू घेत नसून एका घराण्याशी सोयरीक करतो आहोत हे लक्षात ठेवावे. सोयरीक मोडणे महागात पडते.

बॉडीत काय पाहावे

लेन्स महत्त्वाची म्हणून बॉडी कशीही चालेल असे नाही. काकांनी चार गोष्टी सांगितल्या.

पहिली, कार्डाच्या दोन जागा. लग्न पुन्हा होत नसते. एक कार्ड खराब झाले तर दुसऱ्यावर प्रत राहिली पाहिजे. निकॉन डी७२०० मध्ये दोन कार्डे बसतात, पण तिच्यानंतर २०१७ साली आलेल्या डी७५०० मध्ये एकच. नवे ते सरस असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. कॅननची ६डी फुल फ्रेम असूनही एकाच कार्डाची. ५डी मार्क ३ मध्ये दोन. स्वस्त मिररलेस बॉडीतही बहुधा एकच जागा असते.

दुसरी, फोकसची मोटर. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडीत ही मोटर नाही. त्यांवर लेन्सच्या आत मोटर असलेल्या लेन्सच आपोआप फोकस करतात. जुनी ५० मि.मी. एफ १.८ डी ही लेन्स सेकंडहँड बाजारात स्वस्त मिळते. ती डी३५०० ला बसते, फोटोही निघतो, पण फोकस हाताने करावा लागतो. सप्तरंगी मांडवात पळत्या करवल्यांचा फोकस हाताने कोण करणार? डी७००० मालिकेत मोटर आहे, तिथे तीच लेन्स सुरेख चालते. कॅननच्या ईएफ लेन्सना ही अडचण नाही. मात्र कॅननची ईएफ-एस लेन्स फुल फ्रेम बॉडीला बसतच नाही. निकॉनची डीएक्स लेन्स बसते पण सेन्सरचा मधलाच भाग वापरते. म्हणजे पुढे बॉडी बदलली तर कोणती लेन्स सोबत येईल याचा विचार आजच व्हावा.

तिसरी, बॅटरी. डी७२०० सारखी बॉडी एका चार्जिंगवर हजारावर फोटो देते, लहान मिररलेस तीन-चारशे. वीज बेभरवशाची असलेल्या गावात हा फरक मोठा आहे. कोणतीही बॉडी असो, जादा बॅटऱ्या हव्यातच.

चौथी, व्हिडिओ. आजकाल यजमान फोटोबरोबर मोबाईलवर टाकायला छोट्या चित्रफिती मागतात. ज्याचे निम्मे काम व्हिडिओचे असेल त्याने मिररलेसचा विचार करावा. त्यात डोळ्यावर आपोआप फोकस धरून ठेवण्याची सोय फार उपयोगी पडते. ज्याचे काम मुख्यतः फोटो आणि अल्बमचे, त्याला चांगली जुनी डीएसएलआर अजून कित्येक वर्षे पुरेल.

दोन लेन्समध्ये निवड

पैसे एकाच लेन्सचे असतील तर कोणती? भाच्याला ५० एफ १.८ चा मोह पडला होता, कारण ती स्वस्त आणि तोंड सर्वांत मोठे. पण एपीएस-सी बॉडीवर ५० ची लेन्स निकॉनमध्ये ७५ सारखी आणि कॅननमध्ये ८० सारखी दिसते. म्हणजे माणसे जवळ येतात. नवरीचा एकटीचा चेहरा काढायला झकास, पण आपल्या वस्तीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत हळदीचा फोटो काढायचा तर फोटोग्राफरची पाठ भिंतीला टेकते आणि तरी निम्म्या बायका चौकटीबाहेर राहतात. काकांनी त्याला आमच्याच बैठकीत उभे करून हे दाखवले. म्हणून एकच घ्यायची तर १७-५० एफ २.८, आणि थोडे पैसे जमले की दुसरी ५० एफ १.८. ७०-२०० एफ २.८ फार सुंदर असते, पण तिचे वजन दीड किलोच्या आसपास आणि किंमत तर विचारूच नका. ती मोठ्या सभागृहातल्या लग्नासाठी एक-दोन दिवस नागपूरहून भाड्याने आणावी आणि भाडे यजमानाच्या बिलात आधी सांगून धरावे.

फ्लॅशलाही विसरू नये. बॉडीवरचा लहान फ्लॅश सरळ तोंडावर आदळतो आणि मागे काळी सावली पडते. वेगळा, मान फिरणारा फ्लॅश घ्यावा आणि त्याचा उजेड पांढऱ्या छतावर टाकून खाली आणावा. मात्र मांडवाचे कापड गुलाबी असेल तर वरून गुलाबी उजेड येतो, हिरवे असेल तर नवरीच हिरवी दिसते! अशा ठिकाणी छताचा नाद सोडून मोठ्या तोंडाची लेन्स कामी येते.

पांढरे वस्त्र, सावळा चेहरा

आपल्या लग्नांत एक विशेष अडचण आहे आणि ती कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत लिहिलेली नसते. आपली वधू-वरे शुभ्र वस्त्रांत, मागे पांढरा पडदा, भोवती पांढऱ्या साड्यांतल्या उपासिका. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचे सगळे मध्यम राखाडी धरून चालतो. इतके पांढरे दिसले की त्याला वाटते उजेड जास्त झाला, आणि तो फोटो काळवंडवतो. कपडे राखी येतात आणि चेहरे त्याहून काळे. तेव्हा अशा वेळी एक्स्पोजर साधारण एक पायरी वर घ्यावे, मात्र कपड्यांच्या चुण्या पुसल्या जाणार नाहीत इतपतच. फोटो रॉ स्वरूपात काढावेत, म्हणजे घरी बसून चेहऱ्यांवरचा अंधार हलकेच काढता येतो.

आणि काही जण काय करतात? संगणकावर चेहरा घासून पुसून गोरा करतात! यजमानही सांगतात, "जरा गोरी करून द्या." एका लग्नाच्या अल्बममध्ये मी नवरीची मावशी ओळखली ती पातळावरून, चेहऱ्यावरून नाही. हा दोष आपल्यापुरता नाही. कोडॅक कंपनी रंगीत छपाईचे रंग जुळवण्यासाठी प्रयोगशाळांना एका गोऱ्या स्त्रीचे चित्र देत असे. त्याला शर्ली कार्ड म्हणत, आणि कित्येक दशके जगभर त्याच कातडीच्या मापाने रंग ठरत गेले. सावळी माणसे त्यात काळीभोर किंवा अस्पष्ट येत. आज सेन्सर सुधारले, माप बदलले, पण आपल्या मनातले कार्ड अजून तेच आहे. ज्या मुलीला आयुष्यभर रंगावरून ऐकावे लागले, तिच्या लग्नाच्या अल्बममध्येही तिला तिचा चेहरा मिळू नये? नवशिक्या मुलांनो, सावळा रंग सावळाच पण उजळ, टवटवीत दाखवणे हे कसब आहे. त्यासाठी चांगला उजेड आणि चांगली लेन्स लागते. पुसून टाकायला काहीच लागत नाही.

सेकंडहँड घेताना

बॉडी सेकंडहँड घ्यायला हरकत नाही, पण पावतीशिवाय नको. पावतीवरचा आणि बॉडीवरचा क्रमांक जुळवून पाहावा. चोरीचा माल गळ्यात पडला तर वस्तूही जाते आणि पोलीस ठाण्याच्या फेऱ्याही लागतात. शटर किती वेळा उघडले याचा आकडा फोटोच्या नोंदीतून काढता येतो, तो काढून घ्यावा. लेन्समध्ये टॉर्च मारून आरपार पाहावे. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे, तशी लेन्स फुकट मिळाली तरी घेऊ नये. दुकानाच्या लख्ख उजेडात नव्हे तर जिन्याखालच्या अंधारात फोकस करून पाहावा.

आपल्या जिल्ह्यांचे हवामान हा या यंत्रांचा वैरीच. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा कॅमेरा गाडीच्या डिकीत ठेवणे म्हणजे तव्यावर ठेवणे. घुग्घुस, बल्लारपूर, दुर्गापूरकडे कोळशाची धूळ. उघड्यावर लेन्स बदलली की ती थेट सेन्सरवर बसते आणि प्रत्येक फोटोत ठिपका येतो. गडचिरोलीकडे पावसाळ्यात इतकी ओल की चामड्याच्या पिशवीत ठेवलेल्या लेन्सला दोन महिन्यांत बुरशी धरते. हवाबंद झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात; पुड्या ओलावल्या की कोरड्या करून पुन्हा वापराव्यात. भामरागडच्या बाजूला पर्लकोटेला पूर आला की रस्ताच बंद होतो, तेव्हा त्या भागातले काम घेताना जादा बॅटरी आणि जादा दिवस दोन्ही हाताशी असावेत. आणि माडिया गावांतल्या लग्नाला गेलात तर आधी गावाच्या जाणत्यांना विचारून मगच कॅमेरा बाहेर काढावा. आपण पाहुणे म्हणून जातो, तमाशा पाहायला नव्हे.

पैशांची वाटणी

भाव रोज बदलतात म्हणून आकडे न सांगता टक्के सांगतो. शंभरातले चाळीस बॉडीला, पस्तीस लेन्सला आणि पंचवीस फ्लॅश, दोन कार्डे, जादा बॅटऱ्या व डबा-पिशवीला. आमच्या सत्तर हजारांत ही वाटणी २८,०००, २४,५०० आणि १७,५०० अशी झाली. बॉडीवर सगळे पैसे घालणाऱ्याला शेवटचे पंचवीस टक्के आठवतच नाहीत, आणि पहिल्याच लग्नात बॅटरी संपून तो खुर्चीवर बसतो.

कर्ज काढायचे असेल तर दुकानातल्या हप्त्यांच्या आधी इतर वाटा पाहाव्यात. ८ एप्रिल २०१५ ला सुरू झालेल्या मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजारांपर्यंत आणि किशोर गटात त्यापुढे ५ लाखांपर्यंत विनातारण कर्ज आहे. १९७८ मध्ये स्थापन झालेल्या महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या जिल्हा कार्यालयात बीजभांडवल योजनेची चौकशी करावी. अर्ज, जातीचा दाखला, दरपत्रके, सगळ्यांच्या दोन-दोन प्रती कराव्यात आणि पोच घेतल्याशिवाय टेबलावरून उठू नये, हा एका कारकुनाचा सल्ला! आणि एक विसरू नये. आपल्याकडे लग्ने वर्षाचे पाच-सहा महिने, हप्ते मात्र बारा महिने. रोवणीच्या दिवसांत कोणी फोटो काढून घेत नाही. तेव्हा हंगामात आलेल्या प्रत्येक रकमेतून पावसाळ्याचे हप्ते आधी बाजूला काढावेत.

पुढे काय झाले

भाच्याने शेवटी सेकंडहँड डी७२०० घेतली. शटर एक्केचाळीस हजारांवर होते. सोबत १७-५० एफ २.८ आणि फ्लॅश. फुल फ्रेम राहून गेली म्हणून चार दिवस तोंड पाडून होता. महिन्याने त्याला जुनी ५० एफ १.८ डी स्वस्तात मिळाली, तीच जी डी३५०० वर हाताने फिरवावी लागली असती.

पहिले स्वतंत्र काम त्याने एका विहारातल्या सायंकाळच्या लग्नाचे केले. कपडे पांढरे, उजेड कमी. फोटो घेऊन आला तेव्हा मी मोठ्या अभिमानाने पाहायला बसलो, तर दहा-बारा फोटोंत नवरी लख्ख आणि नवरदेव धूसर! तोंड उघडायचे शिकलेल्या पोराने ते सगळीकडे १.८ वरच उघडून ठेवले होते. एवढे तोंड उघडले की एकाच अंतरावरचे तेवढे स्पष्ट येते, मागेपुढे उभा असलेला पुसट होतो. दोघे असतील तर एफ २.८ ते ४, आणि वीस जणांचा समूह असेल तर फ्लॅश लावून एफ ५.६, हे काकांनी सांगितले होते पण उत्साहात राहून गेले. नवरदेवाच्या घरी स्वतः जाऊन त्याने चूक सांगितली आणि दोघांचे फोटो दुसऱ्या दिवशी सकाळच्या उजेडात, वस्त्रे घालून, पैसे न घेता पुन्हा काढून दिले.

त्याच कामातला एक फोटो मात्र त्याने छापून मला आणून दिला. नवरीचे म्हातारे आजोबा नातीच्या डोक्यावर हात ठेवून उभे आहेत. उजेड मेणबत्त्यांचा आणि एका बल्बचा. चेहऱ्यावरची प्रत्येक सुरकुती दिसते, ओठ काही पुटपुटत आहेत तेही दिसते. आईला दाखवला. तिने बराच वेळ हातात धरला, मग उशाखालचा आपला फोटो काढून त्याच्या शेजारी ठेवला. काही बोलली नाही.

बचत गटाचा पहिला हप्ता बहिणीने वेळेवर भरला आहे.

पुढील अंकी: लग्नाच्या फोटोंचे काम घेताना यजमानाशी लेखी करार कसा करावा, उसना किती घ्यावा आणि अल्बमची मुदत कशी ठरवावी.

कळावे. सप्रेम जयभीम.